रक्ताचा ताळेबंद

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विशेष तपासणी असते. २०१६ मध्ये प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान सुरू झाले, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी अशा दिवशी उर्दू, मराठी, तेलुगू, भोजपुरी आणि आगरी अशा सगळ्या बोली कानावर येतात, कारण हे शहरच तसे घडले आहे. जुने कोकणी मुसलमान, आगरी आणि कुणबी, उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून मागावर आलेले कामगार, शिवाय तालुक्यातल्या पाड्यांवरचे वारली आणि कातकरी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७ लाखांहून अधिक होती. बोली कोणतीही असो, कार्ड हातात घेऊन बसलेल्या सिस्टरचा एक प्रश्न सगळ्यांना समजतो : "एचबी किती?"

एचबी म्हणजे हिमोग्लोबिन, रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन. गर्भवतीच्या १०० मिलिलिटर रक्तात ते ११ ग्रॅमपेक्षा कमी भरले तर रक्तक्षय आहे असे समजतात आणि ७ ग्रॅमच्या खाली गेले तर तो गंभीर मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गर्भवती पहिल्याच मर्यादेच्या खाली होत्या.

त्याच पाहणीत राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात. २००५-०६ मध्ये हे प्रमाण ६४.६ टक्के होते. मातामृत्यूही झपाट्याने घटले : २००१-०३ मध्ये दर १ लाख जिवंत जन्मांमागे १४९, तर २०१८-२० मध्ये ३३. म्हणजे दोन दशकांत महाराष्ट्राने बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणले. ती दारात येते तेव्हा तिच्या अंगात पुरेसे रक्त असेल, ही गोष्ट मात्र अजून साधलेली नाही. गर्भारपणाचे शरीरशास्त्र, त्याचे उपचार आणि त्याभोवतीचा समाज हे तीन वेगळे विषय वाटतात. रक्ताच्या वाटेने गेले की ते एकच असल्याचे ध्यानात येते.

दोन रक्ते, मध्ये वार

फलित झालेले बीज पाच-सहा दिवसांत गर्भाशयात पोहोचते आणि त्याच्या अस्तरात रुतू लागते. त्याच्या बाहेरच्या थरातील पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक सोडतात. लघवीच्या साध्या चाचणीत दुसरी रेघ उमटते ती यामुळेच. पुढे याच थरातील पेशी आईच्या गर्भाशयातल्या मळसूत्री रोहिण्यांमध्ये शिरतात आणि त्यांच्या भिंतींमधला स्नायूचा थर काढून टाकतात. अरुंद, आकुंचन पावणाऱ्या नळ्यांच्या जागी रुंद, सैल प्रवाह तयार होतात. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते.

आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोघांच्या मध्ये असलेल्या वारेमध्ये (प्लॅसेंटामध्ये) झाडाच्या मुळांसारखे फुटवे असतात. त्यांच्या आत बाळाचे रक्त फिरते, बाहेरून आईचे रक्त त्यांना भिजवत राहते आणि मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, लोह बाळाकडे जाते. बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचे असते. ते प्राणवायू अधिक जोमाने ओढून घेते. लोहाच्या बाबतीतही वार बाळाची बाजू घेते. आईच्या साठ्यात खडखडाट असला तरी ती बाळाचा वाटा बऱ्याच मर्यादेपर्यंत ओढत राहते.

दरम्यान आईचे रक्तही वाढत असते. रक्तातला द्रव भाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी मात्र २० ते ३० टक्क्यांनीच. त्यामुळे रक्त थोडे पातळ होते आणि एचबी थोडे उतरते. हे नैसर्गिक आहे आणि उपयोगाचेही. पातळ रक्त वारेतून सहज वाहते. प्रसूतीच्या वेळी जे रक्त जाणार, त्याची आगाऊ तरतूदही होते. हृदय एकेका मिनिटाला आधीपेक्षा ३० ते ५० टक्के अधिक रक्त फेकू लागते. जिना चढताना लागणारी धाप बरेचदा यातलीच असते.

घरखर्चाच्या वहीसारखा याचाही जमाखर्च मांडता येतो. एका गर्भारपणात सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यातले ३०० बाळाकडे आणि वारेकडे जाते, ५०० आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींसाठी लागते आणि सुमारे २०० नेहमीच्या झिजेत संपते. शेवटच्या महिन्यांत रोजची गरज ६ मिलिग्रॅमच्या आसपास जाते. आकडा लहान दिसतो, पण जेवणातले लोह पूर्ण अंगी लागत नाही. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतले तर फारच थोडे शोषले जाते. त्यामुळे शिल्लक आधीपासून असावी लागते आणि महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांकडे, ५४.२ टक्क्यांकडे, ती दिवस राहण्याच्या आधीच नसते.

मळसूत्री रोहिण्या नीट रुंदावल्या नाहीत तर दुसरेच संकट उभे राहते. वारेला रक्त कमी पडते. तिथून निघणारे घटक आईच्या साऱ्या रक्तवाहिन्यांना इजा करतात आणि विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० च्या वर चढतो. लघवीतून प्रथिने जातात, चेहऱ्यावर सूज येते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. वेळेवर लक्ष गेले नाही तर झटके येतात. या झटक्यांवरचे औषध स्वस्त आणि जुने आहे : मॅग्नेशियम सल्फेट. २००२ मध्ये जाहीर झालेल्या मॅगपाय अभ्यासात भारतासह अनेक देशांतल्या १०,००० हून अधिक स्त्रिया होत्या. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. पण औषध द्यायचे की नाही हे रक्तदाब मोजल्याशिवाय ठरत नाही. म्हणून प्रत्येक भेटीत दंडावर पट्टा बांधणे ही गर्भारपणातल्या सर्वांत महत्त्वाच्या तपासण्यांपैकी एक आहे.

परळ, १९२८

भिवंडीच्या आशाताई, म्हणजे वस्तीवरच्या आरोग्य स्वयंसेविका, गर्भवतीच्या हातावर ठेवतात त्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळीचा अर्धा इतिहास मुंबईच्या गिरणगावात घडला आहे.

१९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदरपणात होणाऱ्या एका विचित्र रक्तक्षयाचा शोध घेण्याचे काम तिच्याकडे होते. शहरातल्या गरीब स्त्रिया, त्यांत कापड गिरण्यांतल्या कामगार, गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. जंतुसंसर्गाचा पुरावा सापडेना. विल्सने परळच्या हाफकिन संस्थेत काम मांडले आणि या बायका काय खातात याकडे लक्ष वळवले. पॉलिश केलेला तांदूळ भरपूर, भाज्या आणि फळे जवळपास नाहीत. तिने तसाच आहार आधी उंदरांना आणि नंतर माकडांना दिला. माकडांना तसाच रक्तक्षय झाला.

मग तिने एकेक पदार्थ घालून पाहिला. गुण आला तो यीस्टच्या अर्काने, म्हणजे बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने. मुंबईतल्या आजारी गर्भवतींवरही त्याचा वेगाने परिणाम दिसला. १९३१ मध्ये तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यीस्टमध्ये नेमके काय आहे हे तेव्हा कळले नव्हते, म्हणून त्या अज्ञात घटकाला बरीच वर्षे 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि पानावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले.

पुढे त्याचा आणखी एक गुण उघड झाला. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत दिसले की ज्या स्त्रियांना पूर्वी पाठीच्या कण्यात दोष असलेले मूल झाले होते, त्यांनी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर तोच दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. त्या वेळी पाळी चुकल्याचेही अनेकींच्या नीट ध्यानात आलेले नसते. म्हणजे ही गोळी सर्वाधिक उपयोगी पडते ती बाईचे नाव दवाखान्यात नोंदले जाण्याच्या आधी.

योगायोग असा की विल्स मुंबईत आली त्याच वर्षी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलायला उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. एका बाजूला प्रयोगशाळा गिरणी कामगार स्त्रीच्या रक्तात काय कमी आहे ते शोधत होती. दुसऱ्या बाजूला विधिमंडळात तिच्या वेळेचा आणि मजुरीचा प्रश्न मांडला जात होता. दोन्ही गोष्टींची गरज आजही तेवढीच आहे.

मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर ओसरत गेल्या. कापडाचे काम यंत्रमागांच्या शहरांकडे सरकत गेले आणि भिवंडी त्यांतले मोठे केंद्र ठरले. गिरणीत हजेरीपट होता, युनियन होती, कायदा लागू होता. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने प्रसूती रजा १२ आठवडे केली आणि २०१७ च्या दुरुस्तीने ती २६ आठवड्यांवर नेली. यंत्रमागाच्या व्यवसायात कांड्या भरणारी, घरी बसून कापडाचे धागे कापणारी, नगावर पैसे मिळणारी बाई या रजेच्या कक्षेत येत नाही. तिचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते.

गोळी पोटात जाईपर्यंत

सरकारी वेळापत्रक सोपे आहे. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लाल गोळी, तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. जोडीला कॅल्शियम. पहिली तिमाही उलटल्यावर जंताची एक गोळी. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस लाल गोळी.

अडचण सुरू होते ती घरी. लोहाच्या गोळीने मळमळते, पोट गच्च होते, शौचाला काळे होते. काळा रंग पाहून बाई घाबरते आणि पाकीट फडताळात पडून राहते. हा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो आणि त्यात भिण्यासारखे काही नाही, एवढे एक वाक्य आधी सांगितलेले असेल तर बऱ्याच गोळ्या पोटात जातात. दुसरी आडकाठी चहाची. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोहाला आतड्यातच अडवतो. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तरी तेच होते. उलट लिंबू, आवळा किंवा पेरू यांतले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. बरे वाटू लागले की गोळी थांबवायची ही सवयही आहेच, पण एचबी सुधारल्यानंतर साठा भरायला आणखी महिने लागतात. ज्यांना गोळी सोसत नाही किंवा दिवस भरत आले तरी एचबी फार कमी आहे, त्यांना शिरेतून लोह देता येते आणि सरकारी रुग्णालयांतही ते दिले जाते.

सगळा रक्तक्षय लोहाचा नसतो. ठाणे आणि पालघरच्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. शेजारच्या उल्हासनगरात मोठ्या संख्येने असलेल्या सिंधी समाजात थॅलसेमियाचे वाहक अधिक सापडतात. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून गोळ्या घेऊनही एचबी हलत नसेल तर पुढची रक्ततपासणी लवकर व्हायला हवी आणि ती पतीचीही व्हायला हवी.

पहिल्याच भेटीत रक्तगटही पाहतात. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीच्या वेळी बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात. तिचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि पुढच्या बाळाला त्यांचा उपद्रव होतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि प्रसूतीनंतर ७२ तासांत दिलेले अँटी-डी इंजेक्शन हे टाळते. आणखी एक गट मुंबईचेच नाव घेऊन जगात ओळखला जातो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये वर्णन केलेला 'बॉम्बे' गट. साध्या चाचणीत तो ओ सारखा दिसतो, पण अशा व्यक्तीला ओ गटाचे रक्तही चालत नाही, केवळ बॉम्बे गटाचेच लागते. गट दुर्मीळ आहे, म्हणूनच तो बाळंतपणाच्या खोलीत नव्हे, त्याच्या महिनोन्‌महिने आधी कळलेला असला पाहिजे.

दोन तास

बाळ जन्मल्यावर वार सुटते. जिथे ती चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या बंद करण्याचे काम गर्भाशयाचे स्नायू करतात. त्यांचे धागे या वाहिन्यांभोवती उभे-आडवे गुंफलेले असतात आणि आकुंचन पावताच वाहिन्या आवळल्या जातात. स्नायू ढिले पडले तर रक्त थांबत नाही. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त गेले की धोक्याची घंटा समजावी. उपचार मिळाले नाहीत तर अशा रक्तस्रावाने सरासरी दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. एचबी १२ असलेली बाई जेवढे रक्त जाऊनही सावरते, तेवढे गेल्यावर ६ एचबी असलेली सावरेलच असे नाही. नऊ महिन्यांच्या ताळेबंदाची कसोटी या दोन तासांत लागते.

जन्मानंतर एका मिनिटात आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले तर गर्भाशय घट्ट आवळते. हे औषध थंड ठेवावे लागते. जिथे फ्रिज नाही, डॉक्टर नाही, तिथे काय करायचे, याचे एक महत्त्वाचे उत्तर सीमाभागातल्या बेळगाव जिल्ह्यातून आले. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी गावांतल्या १,६२० बाळंतपणांत चाचणी केली. एएनएम ताईंनी (सहायक परिचारिका-सुईणींनी) काही स्त्रियांना प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तर काहींना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला : रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर उतरले. सामान्य तापमानात टिकणारी, गिळता येणारी गोळी रक्तस्रावाचा धोका जवळपास निम्मा करू शकते हे त्यातून सिद्ध झाले.

त्या चाचणीत रक्त मोजण्यासाठी आईच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली होती. नुसत्या नजरेने अंदाज केला की गेलेले रक्त बरेच कमी वाटते, हे अशा पिशव्यांनी दाखवून दिले. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतील 'ई-मोटिव्ह' अभ्यासात तशीच पिशवी लावून, रक्तस्राव वेळेत ओळखून, सगळे उपचार एकत्र सुरू केल्यावर गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारे अनर्थ ६० टक्क्यांनी घटले. साधन अगदी साधे आहे. ते प्रत्येक प्रसूतिगृहात असायला काही हरकत नाही.

प्रसूतीच्या शास्त्राशी या परिसराचे नाते जुने आहे. भिवंडीच्या शेजारी, कल्याणात, १८६५ मध्ये आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि उपचारांअभावी त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. त्यानंतर त्या वैद्यक शिकायला अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुंबईच्या परिसराने या शास्त्रात पुढेही मोलाची भर घातली. मूळ गोव्यातल्या शिरोड्याचे, पण मुंबईत काम करणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५० च्या दशकात गर्भाशयाचे सैल तोंड बांधून गर्भपात रोखणारा टाका शोधला. जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

उशीर कुठे होतो

१९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी मातामृत्यूमागचे तीन उशीर सांगितले : जायचे ठरवण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. भिवंडीत हे तिन्ही आपापल्या रूपात भेटतात.

पहिला उशीर घरात. मागावरचा कामगार बारा बारा तासांच्या पाळीत उभा असतो. कापडाच्या मीटरवर त्याची मजुरी ठरते, सुट्टी म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. बायकोच्या पोटात दुखते आहे, डोके धरले आहे, पण निर्णय सासू, थोरली जाऊ किंवा रातपाळीहून परतणाऱ्या नवऱ्यावर थांबतो. बिस्सी, म्हणजे कामगारांची खानावळ, चालवणाऱ्या घरांत तर गर्भवती स्वतःच कित्येक कामगारांचा दोन वेळचा स्वयंपाक सांभाळत असते. सगळे जेवल्यावर उरलेले ती खाते. बाळ मोठे झाले तर प्रसूती अवघड होईल, या भीतीने कमी खाण्याचा सल्लाही तिला मिळतो.

दुसरा उशीर रस्त्यावरचा. गुंतागुंतीची बाळंतीण बरेचदा ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा मुंबईला पाठवावी लागते. ठाणे नकाशावर पंधरा किलोमीटरांच्या आसपास आहे, पण गोदामांकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या रांगांत आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांत त्याला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे आणि गर्भवतींसाठी १०२ ची गाडीही आहे. गाडी आली तरी रस्ता मोकळा असावा लागतो. ज्या पाड्यांना रस्ताच नाही तिथे झोळी करून बाईला डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे लागते.

तिसरा उशीर दवाखान्यात पोहोचल्यावर, उपचार सुरू होण्यातला. या तिन्ही उशिरांसाठी तयारी आधीच करता येते. सातव्या महिन्यातच घराने पाच गोष्टी ठरवाव्यात : कुठल्या दवाखान्यात जायचे, गाडी कोणाची, बरोबर कोण, त्या गटाचे रक्त देणारे दोघे कोण आणि घरातल्या मुलांना कोण सांभाळेल. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. हे माहीत नसल्याने खर्चाच्या धास्तीने थांबणारी घरे अजून आहेत.

स्थलांतराने प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. पहिले बाळंतपण माहेरी ही चाल महाराष्ट्रात आहे तशी उत्तरेतही आहे. सातव्या-आठव्या महिन्यात बाई रेल्वेने 'मुलूक' गाठते. कार्ड, सोनोग्राफी, एचबीच्या नोंदी भिवंडीत राहतात आणि तिकडची नर्स पहिल्यापासून विचारायला लागते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. अनुसूचित क्षेत्रात गर्भवतीला शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. पण जिच्या यादीत नाव आहे ती अंगणवाडी गावात असते आणि बाई भट्टीवर. माता-बाल कार्ड नेहमी तिच्या पिशवीत असणे आणि जिथे ती असेल तिथल्या अंगणवाडीने तिला वाढणे, या दोन गोष्टींनी यातले बरेच सावरेल.

दिवस राहण्याआधी

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोंच्या आसपास भरले. ज्या आयांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते त्यांची बाळे अंगाने बरी निघाली. शेतातली जड कामे आणि पाणी भरणे ज्यांच्या वाट्याला अधिक आले त्यांची बाळे लहान निघाली. पाण्याचा हंडा बाळाच्या वजनापर्यंत पोहोचतो, हे या मोजमापांनी दाखवले. टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या भिवंडीच्या वस्त्यांनाही हे तितकेच लागू आहे.

त्या धाग्यावरून मुंबईच्या झोपडवस्त्यांत 'सरस' हा प्रकल्प उभा राहिला. डॉ. रमेश पोतदार आणि इंग्लंडमधील कॅरोलिन फॉल यांच्या या अभ्यासात ६,५०० हून अधिक विवाहित स्त्रियांना रोज एक खाऊ दिला गेला. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते. खाऊ दिवस राहण्याआधीच सुरू होत असे. सर्वांचा मिळून विचार केला तर बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतला होता त्यांच्यात वजन वाढलेले दिसले, विशेषतः ज्या अगदी काटकुळ्या नव्हत्या त्यांच्यात. गर्भारपणातला मधुमेहही १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्क्यांत आढळला.

यातून कामाचा क्रम बदलतो. शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी ही गर्भारपणाच्या काळजीची पहिली पायरी ठरते आणि शाळा सोडून धागे कापायला बसलेल्या मुलीपर्यंत ती पोहोचवण्याचे काम अंगणवाडीचे. लग्न लांबणे, दोन बाळंतपणांत अंतर असणे, याचाही अर्थ रक्ताच्या भाषेत सांगता येतो. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवले आहे. तेवढ्या काळात आईचा लोहाचा साठा भरून निघू शकतो, पण त्यासाठी बाळंतविड्यातल्या डिंकाच्या लाडवांबरोबर १८० दिवसांच्या लाल गोळ्याही तिच्या पोटात जायला हव्यात. सवा महिना संपला, बाळ बाळसे धरू लागले की घराचे लक्ष आईवरून उठते आणि नेमकी तेव्हाच गोळी थांबते. आशाताईंची गृहभेट प्रसूतीनंतर सहाव्या महिन्यापर्यंत चालू राहिली आणि त्या भेटीत बाळाच्या वजनाबरोबर आईचे एचबीही लिहिले गेले, तर पुढच्या खेपेला ती तपासणीच्या रांगेत उभी राहील तेव्हा तिचा आकडा ११ च्या वर असण्याची शक्यता कितीतरी वाढेल.